ज्ञानकोशातील ‘हा’ आणि ‘हे’ : मराठी विकिपीडियावरील राजकीय नोंदींचा एक भाषिक प्रश्न

मराठीस कोशरचना नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथून मराठी विश्वकोशाचे कार्य सुरू झाले. या दोन्ही कोशांत नोंद कोणी लिहावयाची, ती कोणी तपासावयाची आणि भाषेचे वळण कोणते ठेवावयाचे, हे ठरविणारा संपादक किंवा संपादकमंडळ होते. १ मे २००३ रोजी आरंभ झालेल्या मराठी विकिपीडियास असा संपादक नाही. तेथे लिहिणारा प्रत्येक जण संपादकच होय. तो विनावेतन काम करतो, बहुधा टोपणनावाने करतो, आणि त्याच्या हातून झालेला प्रत्येक बदल दिनांक व वेळेसह पानाच्या इतिहासात कायम राहतो. राजकारणाची आवड असणारे अनेक जण या कामाकडे ओढले जातात. मतदारसंघ, निवडणुकांचे निकाल, मंत्रिमंडळे आणि पुढाऱ्यांची चरित्रे या नोंदी अशाच हौशी मंडळींनी उभ्या केल्या आहेत. या कामात भाषेचा जो एक प्रश्न पदोपदी आडवा येतो, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या मंडळींनी आपल्या व्यवहारासाठी घडविलेली परिभाषा अभ्यासनीय आहे. नवख्याने हात बसविण्यासाठी लिहावयाच्या पानास ‘धूळपाटी’ म्हणतात, सार्वजनिक चर्चेच्या जागेस ‘चावडी’ आणि आज्ञेबरहुकूम यांत्रिक बदल करणाऱ्या आज्ञावलीस ‘सांगकाम्या’. कोणत्याही परिभाषा समितीच्या बैठकीत ‘सांगकाम्या’ हा शब्द संमत झाला असता असे वाटत नाही, आणि म्हणूनच तो चांगला आहे.

विकिपीडियाच्या मूलभूत दंडकांपैकी तीन येथे महत्त्वाचे आहेत : लेखनाचा दृष्टिकोन निःपक्षपाती असावा, विधान प्रकाशित साधनावरून पडताळता यावे, आणि नोंदीत लेखकाचे स्वतःचे नवे संशोधन नसावे. यांपैकी पहिला दंडक शब्दसंग्रहाच्या पातळीवर पाळणे तुलनेने सोपे आहे. ‘तडफदार’, ‘लोकनेते’, ‘कार्यसम्राट’ ही फलकांवरची विशेषणे निवडणुकीच्या सुमारास नोंदींत अवतरतात, आणि ती कोणाही जाणत्या संपादकास क्षणात खोडता येतात. अडचण उद्भवते ती व्याकरणात. कारण विशेषण गाळता येते, पण वचन गाळता येत नाही.

इंग्रजीत तृतीयपुरुषी सर्वनाम आदराच्या बाबतीत मुके असते. मराठीत तसे नाही. ‘अमुक हा राजकारणी आहे’ आणि ‘अमुक हे राजकारणी आहेत’ या दोहोंच्या मधले, आदर-अनादराविषयी काहीच न बोलणारे तिसरे रूप भाषेत उपलब्ध नाही. चरित्रनोंदीचे पहिले वाक्य लिहितानाच संपादकास बाजू घ्यावी लागते, मग त्याची इच्छा असो वा नसो. प्रत्यक्षात काय घडते? क्रिकेट खेळाडूंच्या असंख्य नोंदी ‘हा’ने आरंभ होतात, तर आमदार-खासदारांच्या बहुधा ‘हे’ने. परकीय माणूस एकेरीत, स्वकीय अनेकवचनात, असाही एक अलिखित संकेत दिसतो. तो विकिपीडियाचा शोध नव्हे. मराठी गद्यात ॲरिस्टॉटल ‘तो’ आणि टिळक ‘ते’ हे फार पूर्वीपासून चालत आले आहे.

विश्वकोशाने यावर एक नामी उपाय योजिला होता. तेथील शीर्षकात आडनाव प्रथम येते, पदव्या येत नाहीत, आणि नोंदीचे पहिले वाक्य पुष्कळदा क्रियापदाविनाच असते : ‘प्रसिद्ध मराठी कवी.’ ‘जन्म अमुक गावी.’ क्रियापद नाही, म्हणून वचनही नाही. परंतु ही युक्ती पहिल्या दोन-तीन वाक्यांपुरतीच चालते. पुढे ‘त्याने’ किंवा ‘त्यांनी’ यांतून निवड करावीच लागते.

भूतकाळातील कर्मणी प्रयोगाने सुटका होईल असे प्रथमदर्शनी वाटते. २६ जुलै १९०२ च्या आदेशाविषयी ‘शाहूंनी सरकारी नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या’ असे लिहिले, तर क्रियापद ‘जागा’ या कर्माप्रमाणे चालते. कर्त्याचा मान त्यात उमटत नाही. पण तो कर्त्याच्या विभक्तिप्रत्ययात दडून राहतो : ‘शाहूने’ की ‘शाहूंनी’. कर्ताच काढून ‘जागा राखून ठेवण्यात आल्या’ असे लिहिले म्हणजे प्रश्न मिटतो खरा, परंतु त्याबरोबर इतिहासही मिटतो. राजकीय नोंदीत कर्ता कोण, हाच तर मुख्य मुद्दा असतो. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनासंबंधी ‘गोळीबार झाला’ आणि ‘पोलिसांनी गोळीबार केला’ ही दोन्ही वाक्ये सत्य असू शकतात. मात्र पहिले जबाबदारीविषयी मौन पाळते. कर्तृलोपास निःपक्षपात समजण्याची ही सवय आपल्या शासकीय गद्यातून आली असून, नवे संपादक तिला फार लवकर वश होतात.

पदव्यांचा गुंता याहून मोठा आहे, आणि त्याचे उदाहरण कोल्हापुराबाहेर शोधावयास नको. ‘शाहू’ या एका नावाखाली सातारचे छत्रपती शाहू (१६८२–१७४९), करवीरचे शाहू (१८७४–१९२२) आणि २०२४ च्या निवडणुकीत कोल्हापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेलेले शाहू छत्रपती असे तीन पुरुष येतात. अशा वेळी कोशास निःसंदिग्धीकरणाचे पान करावे लागते, आणि तेथे पदवी हे केवळ गौरवाचे नव्हे, तर ओळखीचे साधन ठरते. ‘राजर्षी’ ही पदवी १९१९ साली कानपूर येथे कुर्मी समाजाच्या अधिवेशनात अर्पण झाली. आज ती गाळली तर नोंद कोणाची हे वाचकास चटकन उमगणार नाही. ‘छत्रपती’ हे पद तर आता आडनावाच्या स्थानी आले आहे. पदव्या सरसकट गाळाव्यात हा इंग्रजी विकिपीडियाचा वळसा येथे जसाच्या तसा लावणे म्हणूनच अशास्त्रीय होय. पदवी नामाचा भाग झाली आहे काय, हे प्रत्येक नोंदीत स्वतंत्रपणे तपासावे लागते.

एकेरी वचनाचा अर्थही सर्वत्र एक नाही. आई, विठोबा आणि लेकरू यांस आपण एकेरीतच संबोधितो. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्या ‘शिवाजी कोण होता?’ या पुस्तकाच्या शीर्षकातील एकेरी ही जिव्हाळ्याची आणि जिज्ञासेची आहे, हे पुस्तक वाचणाऱ्यास सांगावे लागत नाही. तरीही त्या शीर्षकावर आक्षेप घेतले जातात. शिवाजी विद्यापीठाच्या नावात ‘छत्रपती’ व ‘महाराज’ ही पदे घालावीत, या मागणीसाठी मार्च २०२५ मध्ये कोल्हापुरात मोर्चा निघाला. विस्तारित नावाचा इंग्रजी आद्याक्षरांत संक्षेप होऊन मूळ नावच लोपेल, असा प्रतिवाद त्यावर झाला. दुसऱ्या बाजूस, ज्या समाजांना गावगाड्यात पिढ्यान्‌पिढ्या ‘राम्या’, ‘गण्या’ अशीच हाक मिळाली, त्यांच्या दृष्टीने छापील ‘ते’ हे नुसते व्याकरण नसते. वृत्तपत्रांत तर वचन वर्गावर ठरते : आरोपी मजूर असेल तर ‘त्याने’, आणि माजी मंत्री असेल तर ‘त्यांनी’. दोघांचाही निकाल लागावयाचा असतो.

अशा स्थितीत करावे काय? सर्वांस एकेरी लावणे हा तर्कशुद्ध मार्ग दिसतो, परंतु मराठी वाचकाच्या कानास तो तटस्थ वाटत नाही, उद्धट वाटतो. आणि तटस्थता शेवटी वाचकाच्या कानातच सिद्ध व्हावयाची असते. आमच्या मते उलट मार्ग अधिक व्यवहार्य आहे. आधुनिक काळातील प्रत्येक व्यक्तीस, मग ती खेळाडू असो, स्त्री असो, परकीय असो, आरोपी असो वा आपल्या मतांची कट्टर विरोधक असो, ‘ते’ किंवा ‘त्या’ लावावे. सर्वांस वाटला गेलेला आदर हा आदर उरत नाही, तो नुसता प्रत्यय होतो. हिटलरविषयी ‘त्यांनी’ लिहिताना लेखणी अडखळते, हे मान्य. पण ते अडखळणे त्या प्रत्ययात अद्याप किती आदर शिल्लक आहे याचेच माप आहे.

साधनांविषयी थोडे. पश्चिम महाराष्ट्रातील सहकारी कारखाने व तालुक्याचे राजकारण यांविषयी जे छापील साहित्य सापडते, त्यात गौरवग्रंथांचा भरणा मोठा. पडताळणीचा दंडक त्यांनी पुरा होतो, पण निःपक्षपाताचा होत नाही. तारखा व पदे गौरवग्रंथावरून घ्यावीत, मूल्यमापन घेऊ नये, एवढा विवेक पुरेसा ठरतो. गावांच्या नावांचेही तसेच. कर्नाटक सरकारने २०१४ साली ‘बेळगावी’ हे नाव अधिकृत केले; मराठी नोंदीने ‘बेळगाव’ ठेवून दुसरे नाव नोंदविणे हा मराठीच्या रूढीचा प्रश्न आहे, सीमावादाचा निकाल नव्हे. चर्चापानावर हा भेद समजावून सांगताना मात्र पुष्कळ शाई खर्ची पडते.

हे सारे निरुपद्रवी वादविवाद समजण्याचे दिवस आता राहिले नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी नोंदीतील मजकुरावरून महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी विकिमीडिया प्रतिष्ठानास नोटीस बजाविली, आणि पुढे काही संपादकांविरुद्ध गुन्हाही नोंदविला. टोपणनावाने, फावल्या वेळात, एखाद्या ग्रंथाचा हवाला देऊन लिहिणाऱ्यास आपले वाक्य कोणाच्या तोंडचे म्हणून वाचले जाईल, याचा विचार यापुढे अधिक करावा लागेल. ‘अमुक इतिहासकाराच्या मते’ हे तीन शब्द गाळले की परमत स्वमत होते. मराठीत हे अंतर राखण्यास ‘म्हणे’, ‘असे सांगतात’, ‘असा समज आहे’ अशी साधने विपुल आहेत. पण त्यांतील ‘म्हणे’मध्ये अविश्वास आहे आणि ‘असे सांगतात’मध्ये सांगणारा हरवतो. कोशास नाव घेऊन बोलणारे वाक्यच चालते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. ‘हा’चा ‘हे’ कधी झाला, पदवी कोणत्या दिवशी शिरली व कोणत्या दिवशी निघाली, हे पानाच्या इतिहासात मिनिटांच्या हिशेबाने पाहावयास मिळते. मराठीतील आदरार्थी अनेकवचनाच्या अभ्यासास इतकी दिनांकित सामग्री पूर्वी कधीच उपलब्ध नव्हती. कोल्हापूर जिल्ह्यातील विधानसभा मतदारसंघांच्या व तेथील आमदारांच्या नोंदी घेऊन, २०१९ आणि २०२४ या दोन निवडणुकांच्या आगेमागे झालेले बदल तपासले, तरी एका प्रबंधिकेपुरते काम सहज निघेल.