उष्णतेचा उतार

पहाटे स्वयंपाकघरात एक हात स्टीलच्या डब्याला आणि दुसरा लाकडी पोळपाटाला लावून पाहा. डबा गार लागतो, पोळपाट तितका लागत नाही. खरे तर रात्रभर एकाच खोलीत राहिलेल्या या दोन्ही वस्तूंचे तापमान सारखेच असते. पोलाद हातातली उष्णता झपाट्याने ओढून घेते, लाकूड सावकाश. हाताला कळतो तो उष्णता जाण्याचा वेग.

पाणी जसे उताराकडे धावते, तशी उष्णता आपणहून गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. दोन्हींचे तापमान एक झाले की हा प्रवाह थांबतो. मात्र उष्णता आणि तापमान या निराळ्या गोष्टी आहेत, हे स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या दशकात दाखवून दिले. उकळत्या पाण्याखाली आच कितीही वाढवा, पारा १०० अंशांवरच अडतो. सारी उष्णता वाफ करण्यात खर्च होते.

मला हे पटले ते आमच्या घरच्या माठामुळे. पाझरलेल्या एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ती बरीचशी आतल्या पाण्यातून जाते, म्हणून ते गार होते.

आपले शरीरही असा माठच आहे. आत ३७ अंश तापमान, आणि नुसते बसून असतानाही ते शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता निर्माण करते. हवा गार असेल तोवर ती सहज बाहेर पडते. चंद्रपुरात पारा ४५ अंशांवर गेला की उतार उलटतो आणि बाहेरची उष्णता अंगात शिरू लागते. मग घाम वाळणे हाच एक मार्ग उरतो. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत तोही अडतो, कारण टपकून गेलेला घाम अंगाला गार करत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने दहाहून अधिक माणसे दगावली. विदर्भातल्या पंचेचाळिशीपेक्षा तिथला पारा खालीच होता!

म्हणून उन्हात राबणाऱ्याला भर दुपारी सावली आणि पाणी मिळालेच पाहिजे, असे मला वाटते. कुणी उन्हाने भोवळ येऊन पडला, तर त्याला सावलीत न्या, अंग ओले करा, जोराने वारा घाला आणि विनाविलंब दवाखाना गाठा.