धनत्रयोदशी : योग आणि क्षेम

आश्विन वद्य त्रयोदशीच्या सायंकाळी घरोघरी धनाची पूजा होते. चौरंगावर सोन्याचे वळे, चांदीचे नाणे व जमाखर्चाची वही मांडून धने-गुळाचा नैवेद्य दाखविला जातो. त्याच तिन्हीसांजेला दक्षिणेकडे ज्योत करून यमदीपही लावला जातो. धनाच्या पूजेदिवशीच आयुष्याच्या मर्यादेचे स्मरण करून देणारी ही प्रथा मोठी अर्थपूर्ण आहे. निवृत्त गृहस्थाला याच दोहोंचा मेळ घालावयाचा असतो : हाताशी धन किती, आणि ते किती वर्षे पुरवावयाचे.

गीतेच्या नवव्या अध्यायात ‘योगक्षेम’ हा शब्द येतो. जे प्राप्त नाही ते मिळविणे हा योग, आणि जे प्राप्त झाले त्याचे रक्षण करणे हे क्षेम, असा त्याचा परंपरागत अर्थ आहे. नोकरीच्या काळात मनुष्य योगाच्या मागे असतो. भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी हाती आल्यावर मात्र त्याचा धर्म क्षेमाचा होतो. अशा रक्षणासाठी राखलेल्या पुंजीत सोने-चांदी घालावी काय, हा प्रश्न सणाच्या खरेदीत अनेकांच्या मनात येतो.

सोन्याचे मोल कोणाच्या वचनावर अवलंबून नसते. महागाईने पैशाचे मोल घटते, युद्धाने बाजार हादरतात, तेव्हा सोन्याने अनेकदा आधार दिला आहे. परंतु त्याचा भाव स्थिर नसतो. जानेवारी १९८० मध्ये जागतिक बाजारात सोने औंसाला ८५० डॉलरवर गेले. १९९९ मध्ये ते सुमारे २५० डॉलरवर होते. पूर्वीची उंची पुन्हा गाठावयास २००८ साल उजाडले. रुपयाचे मोल घसरत गेल्याने आपल्याकडे ही पडझड तितकी जाणवली नाही, एवढेच.

चांदी तर अधिकच चंचल. टेक्सासच्या हंट बंधूंनी प्रचंड साठा केला, तेव्हा जानेवारी १९८० मध्ये तिचा भाव औंसाला ५० डॉलरच्या घरात पोहोचला आणि २७ मार्च रोजी ११ डॉलरच्या खाली कोसळला. २०११ मध्ये ती पुन्हा त्याच उंचीजवळ गेली. २०१५ अखेरीस १४ डॉलरच्या आसपास आली. चांदीची बाजारपेठ लहान, शिवाय तिचा मोठा खप कारखान्यांत. त्यामुळे तिचे हेलकावे मोठे असतात.

म्हणून प्रश्न प्रमाणाचा आहे. समजा, पुंजी २० लाखांची आहे. त्यातील २ लाखांचे सोने घेतले आणि भाव ४० टक्क्यांनी उतरला, तर तूट ८० हजारांची, म्हणजे एकूण पुंजीच्या ४ टक्के. घर त्याने डगमगत नाही. मात्र १० लाखांची चांदी घेतली आणि ती तीन चतुर्थांश उतरली, तर साडेसात लाख गेले. तरुणाला भाव सावरेपर्यंत थांबता येते. औषधपाण्यासाठी पडत्या भावात विकावे लागणाऱ्या वृद्धाला थांबता येत नाही.

सोने व्याज देत नाही, हेही ध्यानी असावे. निदान पाच वर्षांचा घरखर्च आधी मुदतठेवीत वा २००४ पासून चालू असलेल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावा. तिथे दर तिमाहीस व्याज मिळते. उरलेल्यातून ठरावीक अल्प हिस्साच या धातूंना द्यावा, त्यातही चांदीला सोन्याहून कमी. भाव चढून तो हिस्सा फुगला, तर जादा भाग विकून ठेवीत वळवावा. दागिना ही बचत मानू नये, कारण त्याची मजुरी मोडताना परत येत नाही. बचतीसाठी वळे, नाणे किंवा भांडवल बाजारातील सुवर्णनिधी अधिक सोयीचा. असे निधी आपल्याकडे २००७ पासून, तर चांदीचे २०२२ पासून उपलब्ध आहेत.

पूजेसाठी एक ग्रॅम सोनेही पुरेसे असते. लक्ष्मीला वजनाचे अगत्य नाही. यंदा चौरंगावर वही मांडाल, तेव्हा तिच्यात योगाचे किती आणि क्षेमाचे किती, हे दोन आकडे निरनिराळे लिहून ठेवावेत. घरातील वडीलधाऱ्यांची पुढील वर्षे निर्धास्त करणारी ती खरी धनपूजा ठरेल.