माथ्यावरचे रान कुणाचे?

मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात माथेरानला जायचे ठरले, की पहिला प्रश्न सामानाचा निघत नाही. निघतो तो माणसांचा. "नेरळपर्यंत ठीक आहे हो, पण पुढे?" असे कुणीतरी म्हणते आणि सर्वांची नजर हळूच घरातल्या वडीलधाऱ्यांकडे वळते. ती माणसेही जाणती असतात. "तुम्ही या जाऊन, मी आहे घर राखायला," असे म्हणून मोकळी होतात. मग चिवड्याचे डबे भरले जातात, आणि ज्या सासूबाईंनी तो चिवडा केला त्या तेवढ्या घरी राहतात. कुबड्या घेऊन चालणारा भाचा असेल तर त्याला विचारतही नाहीत. त्याला वाईट वाटेल म्हणून!

याला कारण माथेरानचे थोरपण हेच आहे. सह्याद्रीच्या या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, एक संपूर्ण गाव मोटारीवाचून जगते. नेरळहून घाट चढून आलेली मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. आगीचा बंब आणि रुग्णवाहिका यांखेरीज पुढे मोटारींना मज्जाव. तेथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. तांबड्या मातीची वाट, दोहो बाजूंना अंजनी-जांभळीची दाट झाडी, मध्येच फांदीवरून झेपावणारे शेकरू. धूर नाही, भोंगा नाही. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा मिळून सुमारे २१४ चौरस किलोमीटरचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्यामुळे या जुन्या शिस्तीला कायद्याचे पाठबळ मिळाले. पण ते अडीच-तीन किलोमीटर! धडधाकट माणसाला जी रम्य पायवाट, ती गुडघे धरलेल्या माणसाला भिंत आहे.

आता हे रान मुळात कुणासाठी शोधले गेले ते पाहा. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने हा डोंगर पाहिला आणि मुंबईच्या उकाड्याने हैराण झालेल्या साहेबलोकांना तो पसंत पडला. साहेबाने 'शोधला' असे आपण म्हणतो, पण येथे ठाकूर, कातकरी आणि धनगर त्याच्या आधीपासून वावरत होते. त्यांना डोंगर हरवल्याचे कधी कळलेच नव्हते. साहेब वर जायचा तो तट्टावर किंवा पालखीत. पालखीला खांदा देणाऱ्यांची नावे कुठल्याही पॉइंटाला दिलेली नाहीत. पुढे वारंवार येथे येणाऱ्या सर आदमजी पीरभॉय यांच्या चिरंजीवांनी, अब्दुल हुसेन यांनी, वडिलांच्या पैशाने नेरळपासून दोन फुटी रुळांची आगगाडी वर आणली. खर्च सोळा लाख रुपये. पहिली गाडी १९०७ साली धावली. माझ्या मते माथेरानच्या इतिहासात सर्वांना सामावून घेण्याचा एवढा मोठा उद्योग दुसरा झाला नाही. तिकीट काढील तो वर जाईल, मग तो लंगडा असो की लेकुरवाळी असो. डोंगरालाही तिने फारसे ओरबाडले नाही. वळसे घेत, त्याची समजूत काढीत ती चढली. मात्र तिची प्रकृती नाजूक. २००५ च्या महापुराने तिचा मार्ग वाहून नेला, २०१९ च्या पावसाने पुन्हा तेच केले आणि ती पुरती उभी राहायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते. अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल चालते.

गाडी नाही, चालवत नाही, घोड्यावर बसण्याचे वय नाही, अशा माणसांसाठी उरत असे ती हातरिक्षा. पुढे एकजण ओढणारा, मागून एक-दोघे ढकलणारे. काही वर्षांपूर्वी आमच्या आत्याला मी माथेरानला घेऊन गेलो तेव्हाची गोष्ट. आत्याने सत्तरी कधीच ओलांडलेली, पण जीभ विशीतली. दस्तुरीला रिक्षा पाहून ती थबकली.

"माणसाच्या जिवावर बसून मी सूर्यास्त बघायचा? मला नको बाई!"

रिक्षावाला पन्नाशीचा, काटक. तो शांतपणे म्हणाला, "आजी, तुम्ही नाही बसलात तर आमची चूल कशावर पेटायची?"

आत्या गप्प झाली आणि बसली. पण पहिल्याच चढाला तिने "थांबव रे, मी उतरते" असा धोशा लावला. त्यावर मागून ढकलणारा पोरगा म्हणाला, "आजी, उतरू नका. चालत्या गाडीला कमी जोर लागतो. थांबली की पुन्हा हलवायला जीव जातो." तो काही मला निसर्गाचा नियम शिकवत नव्हता, खांद्याचा अनुभव सांगत होता. वर पोहोचल्यावर आत्याने ठरल्या पैशांवर आणखी दिले, तरी दिवसभर तिचे मन काही लागले नाही. आणि मला राहून राहून वाटत होते की, येथे दोन दुबळी माणसे एकमेकांसमोर उभी केली आहेत. एकीला पाय नाहीत म्हणून दुसऱ्याने आपले पाय झिजवायचे. डोंगर दोघांचाही नाही.

हा पेच अखेर सर्वोच्च न्यायालयात गेला. तिकडे नेणारे दुसरे कुणी नव्हते, खुद्द हातरिक्षा ओढणारेच होते. त्यांचे मागणे साधे होते. आम्हांला विजेवरची रिक्षा चालवू द्या. पण मोटारबंदीच्या नियमात विजेची रिक्षाही सापडली. २०२२ साली न्यायालयाने प्रायोगिक परवानगी दिली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरापासून तीन महिने सात रिक्षा धावल्या. गावात कधी न ऐकलेले सुख लोकांनी अनुभवले. मला मौज वाटली ती पर्यटकांची नव्हे, शाळकरी मुलांची. दस्तुरीच्या बाजूने दप्तर पाठीवर टाकून, पावसापाण्यात रोज मैल-दीड मैल तुडवणारी ही मुले आपल्या हिशेबात कधी असतात? आपण माथेरानला 'हवा खायला' जातो. त्यांना तेथेच शाळेत जायचे असते, आजारी पडायचे असते, बाळंत व्हायचे असते.

पुढे न्यायालयाने ई-रिक्षांची संख्या वीसवर मर्यादित केली आणि त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात, असा दंडक घातला. तरी काही रिक्षा भलत्यांच्या हाती गेल्याची तक्रार झालीच. गरिबासाठी काढलेल्या वस्तूला पाय फुटतात, हे आपल्याकडे नवीन नाही. अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरन्यायाधीश गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला की, माणसाने माणसाला ओढण्याची ही अमानुष चाल सहा महिन्यांच्या आत बंद करावी. हातरिक्षांचे परवाने होते ९४. गुजरातेत केवडियाला आदिवासी स्त्रिया भाड्याने घेतलेल्या ई-रिक्षा चालवितात, तशी योजना महाराष्ट्र सरकारने येथे आखावी आणि पैसा नाही ही सबब सांगू नये, असेही बजावले. सायकलरिक्षा ओढणाऱ्यांच्या बाजूने याच न्यायालयाने १९८० साली पंजाबच्या एका खटल्यात निकाल दिला होता. त्याची आठवण देऊन पंचेचाळीस वर्षांनंतरही हे चालू राहावे याबद्दल न्यायमूर्तींनी खेद व्यक्त केला.

या विषयावर मंडळींत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, आज रिक्षा आली, उद्या मोटार येईल. माथेरानचे माथेरानपण गेलेच म्हणून समजा. दुसरा म्हणतो, हा खुळेपणा पुरे झाला, डांबरी सडक थेट बाजारात न्या. मला दोघांचेही पटत नाही. पहिल्या तटातली बहुतेक माणसे चालती-फिरती आहेत आणि दुसऱ्या तटातल्यांना गाडीतून उतरण्याचा कंटाळा आहे! विजेच्या वीस रिक्षांनी रान मरत नाही. पण त्या वीसच राहिल्या पाहिजेत, ओढणाऱ्यांच्याच राहिल्या पाहिजेत, आणि त्यांत पहिली जागा म्हाताऱ्यांची, अपंगांची, आजाऱ्यांची आणि शाळकरी मुलांची असली पाहिजे. पंचविशीतल्या चार धट्ट्याकट्ट्या तरुणांनी रिक्षा अडवून बसावे आणि काठी टेकीत उभ्या असलेल्या आजोबांनी पुढच्या फेरीची वाट पाहावी, असे होणार असेल तर नुसते चाकच बदलले म्हणायचे.

रस्त्याचा प्रश्न मात्र रिक्षापेक्षा अवघड आहे. माथेरानचा डोंगर जांभ्याचा. वरची तांबडी माती पायांनी आणि टापांनी सुटी होते आणि पावसाळ्यात, म्हणजे शंभर इंचांच्याही कितीतरी पुढे जाणाऱ्या पावसात, लोटांनी दरीत उतरते. दरवर्षी वाट थोडी खचते, झाडांची मुळे थोडी उघडी पडतात आणि एखाद्या जून महिन्यात ते झाड आडवे होते. यावर उपाय म्हणून मुख्य रस्त्यावर ठोकळे बसविण्याचे काम निघाले, तेव्हा घोडेवाल्यांनी हरकत घेतली. नालेचा पाय ठोकळ्यावर घसरतो, असे त्यांचे म्हणणे. दुसरीकडे चाकाच्या खुर्चीला आणि रिक्षाला खडबडीत, चिखलाची वाट चालत नाही. न्यायालयाने मध्यम मार्ग काढला. दस्तुरीपासून गावातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ठोकळे असावेत; आतल्या वाटा आणि घोड्यांच्या पाऊलवाटा मातीच्याच राहाव्यात. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. सगळीकडे सगळे पोहोचलेच पाहिजे असा हट्ट नको, पण एक तरी वाट अशी हवी की जिच्यावरून कुणालाही पोहोचता येईल.

आणि पोहोचून तरी काय? पॉइंटावर गेल्यावर म्हाताऱ्या माणसाला टेकायला पाठ आणि हात असलेले बाक लागते. आपल्याकडे बाक म्हणजे सिमेंटची एक फळी. तिच्यावर बसता येते, पण उठायला दोन माणसे लागतात. कठडा असतो तो नेमका खुर्चीत बसलेल्याच्या डोळ्यांसमोर आडवा येईल अशा उंचीवर. स्वच्छतागृहाला तीन पायऱ्या. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा नोकरी-शिक्षणाबरोबर करमणुकीचा आणि सांस्कृतिक जीवनाचाही हक्क मानतो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? निदान एका पॉइंटापर्यंत सपाट वाट, तेथे उताराची चढण, उठता येईल असे चार बाक आणि रुंद दाराचे एक स्वच्छतागृह, एवढे करायला डोंगर फोडावा लागत नाही. आंधळ्या माणसालाही माथेरान पुष्कळ काही देते. एको पॉइंटला तर डोळसापेक्षा त्यालाच अधिक मिळेल. मात्र भोवतालच्या मंडळींनी आरडाओरडा करून त्याच्या वाट्याचा प्रतिध्वनी खाऊ नये!

डोंगराच्या पायथ्याशी आणि अंगावर ज्या वाड्या आहेत, तिथल्या बायका डोक्यावर भारे घेऊन पायवाटेने वर चढतात, माल विकतात आणि दिवस मावळायच्या आत उतरतात. आपण एकदा उतरलो की आठ दिवस पोटऱ्या चोळीत बसतो. या बायकांना सावलीची बसण्याची जागा आणि पाण्याचा नळ देणे हेही माथेरानच्या सोयीत मोडते, असे मला वाटते. याच गावात १९१२ साली एका गरीब न्हाव्याच्या घरी विठ्ठल कोटवाल जन्माला आले, वकील झाले आणि बेचाळीसच्या लढ्यात उतरून १९४३ च्या जानेवारीत सिद्धगडावर धारातीर्थी पडले. भाई कोटवालांचे नाव माथेरानला अभिमानाने घेतात. मग त्यांच्या वयाची वाडीवरची पोरे आज काय ओझी वाहतात, तेही अधूनमधून पाहावे.

आता आपल्या, म्हणजे पाहुण्यांच्या, वाट्याला काय येते? शनिवार-रविवारी नेरळच्या घाटात मोटारींची जी रांग लागते, तिच्यात दोन-दोन तास अडकून माणसे निसर्गाला शिव्या देतात. पाणी वर चढवावे लागते आणि कचरा खाली उतरवावा लागतो, हे तेवढे लक्षात ठेवावे. लोकलने नेरळ गाठावे, शक्य तर मधल्या वारी. माकडांना वेफर्स चारून त्यांना दरोडेखोर बनवू नये. पिशवी नेली तशी परत आणावी. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "तुला झेपेल का?" असे विचारण्याऐवजी "तुझ्यासाठी काय सोय लागेल?" असे विचारून पाहावे. उत्तर बहुधा फार छोटे निघते. एक काठी, दुपारची झोप आणि कुणी घाई न करणे.

राहता राहिले घोडेवाले. त्यांचे चारशेहून अधिक घोडे या गावात आहेत. रिक्षा वाढल्या तर गिऱ्हाईक घटणार ही त्यांची भीती खोटी नाही, आणि निकालाच्या आनंदात त्यांच्याकडे फारसे कुणी पाहिलेले मला आढळले नाही. बाजारात एका घोडेवाल्याशी बोलत उभा होतो. त्याच्या घोड्याचे नाव राजा, वय अकरा.

"रिक्षावाल्यांना सरकार विजेची रिक्षा देतंय, चांगलंच आहे," तो म्हणाला. "त्या माणसांनी लई सोसलं. पण साहेब, आमच्या राजाला काय चालवायला देणार?"

मी काही बोलणार तोच शटलची शिटी ऐकू आली. "येतो," म्हणून त्याने लगाम खांद्यावर टाकला आणि राजाला घेऊन तो गिऱ्हाईक पाहायला स्टेशनाकडे वळला.