आईचं औषधपाणी आणि प्राप्तिकर

परवा शेजारच्या वहिनी मार्चअखेरचे कागद घेऊन आल्या. शाळेत नोकरी, पगारातून प्राप्तिकर कापला जातो. माहेरी आई एकटी, वय ६७, मधुमेह नि रक्तदाब. वर्षाचा औषधांचा, तपासण्यांचा खर्च ४८ हजार, तो वहिनीच करतात. "लग्न झालेल्या मुलीला कसली आलीय सवलत!" म्हणून कधी चौकशीच केली नव्हती.

पण मैत्रिणींनो, कायदा असं म्हणत नाही. आईवडिलांचा खर्च मुलगा करतो की मुलगी, तिचं लग्न झालंय का, हे कुणी विचारत नाही. विचारतात ते वय. साठी पूर्ण झाली असेल आणि त्यांचा आरोग्य विमा नसेल, तर औषधोपचाराचा खर्च वर्षाला ५० हजारांपर्यंत आपल्या उत्पन्नातून वजा होतो. २०१८ च्या मार्चपर्यंत ही सोय ऐंशी ओलांडलेल्यांपुरतीच होती! साठीच्या आत मात्र विम्याचा हप्ताच धरतात, तोही २५ हजारांपर्यंत. वाढदिवस अगदी २० मार्चला असला तरी ते अख्खं वर्ष साठीचं मानतात, हे एक बरं.

सासूसासऱ्यांचं मात्र सुनेला मागता येत नाही. ते यजमानांनी आपल्या नावावर दाखवायचं. (घरात औषधाच्या वेळा सांभाळते कोण, हे कायद्याला कुठलं ठाऊक?)

वहिनींचं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. रोख दिलेला खर्च चालत नाही. चेक, कार्ड किंवा फोनवरून, आपल्याच खात्यातून पैसे गेले पाहिजेत. रोखीला मुभा आहे ती फक्त प्रतिबंधक तपासणीच्या ५ हजारांपुरती, आणि तेही एकूण मर्यादेतच. वहिनींनी औषधवाल्याला ३१ हजार रोख मोजलेले! वीस टक्के कराच्या हिशेबानं दहा हजारांच्या आसपास वाचले असते, वाचले साडेतीन हजार.

शिवाय हे सारं जुनी करपद्धत निवडली तरच. २०२३-२४ पासून आपण काही कळवलं नाही, तर नवीच पद्धत लागू होते आणि तीत ही वजावट नाही. वहिनींनी घरकर्जापायी जुनी ठेवली होती म्हणून बरं.

कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणं अशा ठरावीक दुखण्यांसाठी, माणूस आपल्यावर अवलंबून असेल तर, निराळी वजावट आहे: साठीच्या आत ४० हजार, पुढे एक लाखापर्यंत. त्याला तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि विम्यातून मिळालेली रक्कम वजा होते.

वहिनींनी आता बिलांसाठी बिस्किटांचा रिकामा डबा काढलाय, आणि औषधवाल्याला फोनवरूनच पैसे देतात.