साचेखात्यातला उजेड

‘हम’ (१९९१) मधले अमिताभ बच्चन आणि किमी काटकर यांचे गाजलेले गाणे कुलाब्याच्या मुकेश मिलमध्ये चित्रित झाले. समुद्राला खेटून असलेली ही गिरणी १९८० नंतरच्या पडझडीत बंद पडली आणि पुढे चित्रपट, जाहिराती, मालिकांचे नेहमीचे ठिकाण झाली.

दिग्दर्शकांना बंद गिरणी आवडते, त्याचे मूळ कापडाच्या धंद्यात आहे. साचेखात्याचे, म्हणजे जिथे माग (साचे) चालतात त्या खात्याचे, छप्पर करवतीच्या दातांसारखे असते आणि प्रत्येक दाताच्या उभ्या बाजूला उत्तरेकडे तोंड करून काचा बसवलेल्या असतात. थेट ऊन आत येत नाही, दिवसभर सारखा उजेड मिळतो. तुटलेला धागा विणकराला चटकन दिसावा म्हणून केलेली ही सोय. चेहऱ्यावर कडक सावली न पाडणारा तोच उजेड छायाचित्रकाराला फुकटात मिळतो. शिवाय उंच छत, क्रेन फिरेल एवढी जागा, बघ्यांची गर्दी नाही आणि परवानगी एकाच मालकाची. जुनाट भिंतींचा सेट उभारायचा खर्चही वाचतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यात मात्र गिरणी म्हटले की आठवतो तो भोंगा, पाळी आणि गाववाल्यांच्या खोलीतली पथारी. इथली माणसे मुंबईच्या गिरण्यांत जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, ओळखीने बदली कामगार म्हणून लागली, दोन-दोन साचे सांभाळत म्हातारी झाली. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांतले कितीतरी कायमचे गावी परतले.

कॅमेरा गिरणीत शिरला तो बहुतेक वेळा हे कामगार गेल्यावर. म्हणून हिंदी पडद्यावरची गिरणी म्हणजे गुंडांचा अड्डा नाहीतर नाचाची जागा. त्याउलट कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्येच ‘सावकारी पाश’मध्ये जमीन गमावून गिरणीत मजुरीला जाणारा शेतकरी दाखवला होता. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकावरून महेश मांजरेकरांनी २०१० मध्ये ‘लालबाग परळ’ केला, तोही संपानंतरच्या घराची गोष्ट सांगतो. चालू साचेखाते, तिथला कान बधिर करणारा खडखडाट, हवेत तरंगणारा कापूस, खाणाखुणांनी होणारे बोलणे हे मराठी पडद्यावर अजून पुरते आलेले नाही, असे मला वाटते.

ते दाखवायचे तर मुंबईतल्या भिंती पुरणार नाहीत. मुंबईत घर मिळावे म्हणून आजऱ्यात आजही गिरणी कामगारांचे मेळावे भरतात. कुठले खाते कुठे होते, साचा कसा चालू करायचा, हे सांगणारी माणसे तिथे बसलेली असतात. कुणा दिग्दर्शकाने गिरणीची परवानगी काढण्याआधी तिथे येऊन त्यांना विचारावे.