'पुट अप' : एक क्रियापद, अनेक अर्थ

संस्कृतातील 'हृ' या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार असे किती भिन्नार्थी शब्द होतात, हे भारतीय वाचक जाणतो. धातूचा अर्थ तेथे उपसर्ग पालटतो. इंग्रजीत हेच कार्य क्रियापदामागून येणारे छोटे शब्द करतात. परकीयांना याच रचना सर्वांत अवघड जातात, असे सॅम्युअल जॉन्सन याने आपल्या १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेत नमूद केले होते.

'पुट अप' हे अशा रचनेचे उत्तम उदाहरण होय. 'पुट' म्हणजे ठेवणे आणि 'अप' म्हणजे वर. तंबू ठोकणे, छत्री उघडणे, भिंतीवर फलक लावणे, निवडणुकीत उमेदवार उभा करणे, भाव वाढवणे या सर्व क्रियांना 'पुट अप' चालते. 'वर' किंवा 'उभे' ही कल्पना त्यांत सहज ओळखू येते. पाहुण्याला मुक्कामास ठेवून घेणे, या अर्थी मात्र ती तितकी स्पष्ट नसते.

पुढे 'विथ' जोडला की अर्थ साफ बदलतो. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, खपवून घेणे. याचे मूळ जुन्या वापरात आढळते. सोळाव्या-सतराव्या शतकांत 'पुट अप' म्हणजे आत ठेवून देणे, उदाहरणार्थ तलवार म्यानात घालणे. त्यावरून अपमान मुकाट्याने गिळणे, असाही अर्थ आला. मराठीतही अपराध 'पोटात घालतात', हे येथे आठवावे.

शब्दक्रमाचा नियमही लक्षात ठेवावा लागतो. सर्वनाम कर्म असेल तर ते मध्येच येते : 'पुट इट अप'. सहन करण्याच्या अर्थी मात्र तिन्ही शब्द एकत्र राहतात आणि कर्म शेवटी येते : 'पुट अप विथ इट'.

भारतात या क्रियापदाला आणखी एक अर्थ लाभला आहे. सरकारी कचेरीत फाइल 'पुट अप' करणे म्हणजे टिपणीसह ती वरिष्ठांपुढे सादर करणे. हा वापर येथे रुळलेला आहे. त्याला चूक म्हणण्याचे कारण नाही. परंतु तेवढाच अर्थ ठाऊक असलेल्या वाचकाची फसगत होऊ शकते. 'हा विलंब आम्ही पुट अप विथ करणार नाही', अशा आशयाचे इंग्रजी पत्र आले, तर 'विलंबाचे प्रकरण सादर होणार नाही' असा त्याचा समज व्हावयाचा. पत्र लिहिणाऱ्याने दिलेला निर्वाणीचा इशारा मग दुर्लक्षितच राहील.

म्हणून अशा ठिकाणी कोशात केवळ 'पुट' पाहून थांबू नये. क्रियापदाचे सोबती आणि वाक्यातील संदर्भ पाहिल्यावरच अर्थ ठरवावा.