बंद गाडी करंट खाते तेव्हा

सकाळी ८
शटर उचलत नाही तोच आवारपूरकडून एक पांढरी कार पिकअपला बांधून आली. "भाऊ, नवी बॅटरी टाकून महिना नाही झाला, तरी सेल्फ उचलून नाही राहिला. शनिवारी उभी केली, सोमवारी ठप्प." मीटरवर ११.४ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, १२च्या खाली म्हणजे रिकामीच. वरती सिमेंटच्या धुळीचा आणि ॲसिडचा लेप. ओल धरली की त्यातूनही करंट सरकतो, म्हणून सोड्याच्या पाण्याने धुतली आणि चार्जिंगला लावली.

१०
टिपरचा इंडिकेटर. अर्थिंग गंजलेली. घासली, झालं.

दुपारी १२
कारची बॅटरी परत बसवली. हेडलाइट थोडा वेळ लावून वरवरचा चार्ज उतरवला, तरी १२.५. गाडी चालू करून पाहिली, डायनामो १४.१ देतो. म्हणजे बॅटरीही बरी, चार्जिंगही बरं. गाडी बंद असताना कोणीतरी खातंय.

निगेटिव्ह टर्मिनल काढून मधे मीटर जोडला, दहा अँपियरच्या खोबणीत. आता चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. दाराचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून ठेवलं, म्हणजे गाडीला दार बंद वाटतं. सुरुवातीला आकडा अडीच अँपियरच्या वर. मालक लगेच वाकून बघतात, "पकडला ना?" नाही. आजच्या गाड्यांतले कंट्रोल युनिट निजायला अर्धा तास घेतात, त्याआधीचा आकडा खोटा. या कामात हात कमी चालतात, थांबणं जास्त. आणि थांबण्याचे पैसे द्यायला कोणी तयार नसतो.

१
आकडा ४२० मिलिअँपियरवर स्थिर. पन्नासच्या आत असता तर सोडून दिलं असतं. हिशेब सोपा : दिवसाला दहा अँपियर-तास. पस्तीसची बॅटरी दोन दिवसांत अर्ध्याखाली जाते. कोरपन्याच्या उन्हात तर तिचं आयुष्य आधीच कमी.

एकेक फ्यूज उपसायला लागलो. हॉर्न, वायपर, पंखा : काही फरक नाही. रूम लॅम्पचा काढला आणि आकडा २५वर आला. त्याच फ्यूजवर म्युझिक सिस्टिम. ती बाहेर ओढली. पिवळी वायर थेट बॅटरीची, लाल चावीची. दोन्ही एकत्र पिळून टेप मारलेला. त्यामुळे चावी काढली तरी ॲम्प्लिफायर जागाच.

३
लाल वायर वेगळी करून चावीच्या लाइनवर टाकली. पुन्हा मीटर, पुन्हा अर्धा तास. २६. चालेल.

५
"दोन वायरींचे एवढे?" घासाघीस झाली, पैसे मिळाले. जुनी बॅटरी एक्स्चेंजमध्ये गेली होती. ती बहुधा धडधाकट असावी, असं सांगितल्यावर मालक बॅटरीवाल्यावर चांगलेच भडकले.

"पण ही जोड करायला कोणी सांगितली होती?"

"मीच. पोरांना चावीशिवाय गाणी पाहिजेत."